हिंसेचा खर्च हिशेबात कोणत्या नावाने लिहिला जातो

आपला प्रश्न मला समजला तो असा. आपल्या वायर हार्नेसच्या (वाहनातील विजेच्या तारांच्या जुडग्यांच्या) कारखान्यात 140 कामगार आहेत आणि त्यांपैकी 90 महिला आहेत. ज्या वाहन कंपनीला आपण माल पुरवता, तिच्या तपासणी पथकाने लिंगाधारित हिंसेविषयीचे आपले धोरण आणि अशा हिंसेचा आपल्या व्यवसायावर होणारा परिणाम लेखी मागितला आहे. कारखान्यात कोणी गैरवर्तन केले तर त्याला काढता येते, हे आपल्याला मान्य आहे. परंतु एखाद्या बाईला घरी नवऱ्याने मारले तर त्याचा खर्च कंपनीच्या माथी कसा येतो, आणि येत असल्यास तो मोजायचा कसा, असे आपण विचारता. कामगारविषयक सल्लागार म्हणून आणि अनेक कारखान्यांच्या अंतर्गत समित्यांची (लैंगिक छळाच्या तक्रारींची चौकशी करणाऱ्या समित्यांची) बाहेरची सदस्य म्हणून 27 वर्षांत जे पाहिले, त्याच्या आधारे उत्तर देते.

हा खर्च आपण आजही भरत आहात. तो खाडे, ओव्हरटाइम, रिवर्क (चुकलेला माल पुन्हा दुरुस्त करणे), नवीन भरती, प्रशिक्षण अशा इतर नावांखाली आपल्या हिशेबात विखुरलेला आहे आणि म्हणून तो दिसत नाही. एका कारखान्यात पॅकिंगच्या एकाच लाइनवरून वर्षभरात इतक्या मुली सोडून गेल्या होत्या की मालकांनी मला भरतीची पद्धत तपासायला बोलावले होते. राजीनाम्याच्या अर्जांवर बहुतेकींनी कारण लिहिले होते ‘घरगुती अडचण’. सोडून गेलेल्या काहीजणींना मी त्यांच्या घरी जाऊन भेटले तेव्हा घरी कोणतीही अडचण नव्हती. अडचण त्या लाइनच्या सुपरवायझरची होती, जो ओव्हरटाइम कोणाला द्यायचा हे कामावरून ठरवत नव्हता. त्याच कारखान्यात दुसऱ्या विभागातील एक महिला वारंवार ‘आजारी’ म्हणून गैरहजर राहत असे आणि तिचा आजार म्हणजे नवऱ्याची मारहाण होती. कामावरच्या छळाला ‘घरगुती’ आणि घरातल्या छळाला ‘आजारपण’ असे नाव मिळते, ही आपल्याकडच्या नोंदींची रीतच आहे. म्हणून कारणाच्या रकान्यावर विसंबून मोजमाप करायला गेलात तर हाती शून्य येईल, आणि ते शून्य खरे मानण्याचा मोह होईल.

पहिला आक्षेप नेहमी हा असतो की कामगार आली नाही तर तिचा पगार कापला जातो, मग मालकाचे नुकसान काय? हिशेब मांडून पाहू. पुढचे आकडे समजावण्यासाठी धरलेले आहेत. आपण त्या जागी आपले घाला. 90 महिलांपैकी 20 जणींचे वर्षाला प्रत्येकी 12 खाडे हिंसेमुळे होतात असे धरा, म्हणजे 240 दिवस झाले. दिवसाची मजुरी 650 रुपये असेल तर कापलेला पगार 1,56,000 रुपये. परंतु ज्या बोर्डवर तारा जोडून हार्नेस तयार होतो त्याच्यावरची जागा रिकामी ठेवता येत नाही, कारण पुढच्या बोर्डचे काम अडते. ती जागा आपण दुसरीला थांबवून ओव्हरटाइमवर भरून काढता आणि ओव्हरटाइमचा दर दुप्पट असतो. म्हणजे 3,12,000 रुपये दिले, 1,56,000 रुपये वाचले, आणि निव्वळ 1,56,000 रुपये जादा गेले. शिवाय आदल्या दिवशी सांगून घेतलेली रजा आणि न सांगता पडलेला खाडा यांत फार फरक आहे. सांगून घेतलेल्या रजेची सोय आदल्या संध्याकाळी लागते, तर न सांगितलेल्या खाड्यामुळे सकाळी शिफ्ट सुरू होताना लाइन लीडर माणसे शोधत फिरते आणि पहिला अर्धा तास कोणाचेच काम धड होत नाही. घरातली मारहाण अर्ज देऊन होत नसल्याने तिच्यामुळे होणारे खाडे जवळजवळ सगळे या दुसऱ्या प्रकारचे असतात.

याहून मोठा खर्च हजर असलेल्या दिवसांचा असतो आणि तो मोजायला अवघड आहे. रात्रभर न झोपलेली, मनगट सुजलेली किंवा आपण कामावर असताना मुलांना घरी कोणाच्या ताब्यात ठेवले आहे या विचाराने पोखरलेली ऑपरेटर हजेरीपटावर पूर्ण दिवस असते, पण टर्मिनल (तारेच्या टोकाची धातूची जोडणी) चुकीच्या खोबणीत बसते. आपल्या टेस्टिंग बोर्डवर ती चूक पकडली गेली तर रिवर्क एवढेच नुकसान होते. ती निसटून ग्राहकाच्या असेंब्लीपर्यंत गेली तर आपली माणसे तिकडे पाठवून सगळा साठा तपासावा लागतो, लाइन थांबल्याची रक्कम बिलातून वजा होते आणि पुरवठादार म्हणून आपली गुणसंख्या घसरते. अशी एखादी चूक हिंसेमुळेच झाली असे कोणी सिद्ध करू शकणार नाही, आणि मीही तसा दावा करणार नाही. मात्र रिजेक्शनची कारणे शोधताना आपण यंत्र, साचा, वायरचा दर्जा आणि प्रशिक्षण हे सगळे तपासतो आणि माणसाची अवस्था तेवढी ‘निष्काळजीपणा’ या एका शब्दात उरकतो, हे मी अनेक बैठकांत पाहिले आहे.

नोकरी सोडून जाण्याचा खर्च त्या मानाने सोपा आहे. नवीन ऑपरेटरला पूर्ण वेग यायला 6 आठवडे, म्हणजे कामाचे 36 दिवस, लागतात आणि त्या काळात ती सरासरी निम्मे काम करते असे धरले, तर 18 दिवसांची मजुरी, म्हणजे 11,700 रुपये, कामाविना जाते. त्यात शिकवणाऱ्या जुन्या ऑपरेटरचा वेळ, शिकताना वाया गेलेला माल आणि ठेकेदाराचे कमिशन मिळवा. अशा 10 जणी वर्षाला गेल्या तर रक्कम किती होते ते आपणच काढा.

देशाच्या पातळीवर असे हिशेब काही ठिकाणी झाले आहेत. अमेरिकेतील रोगनियंत्रण केंद्राच्या 2003 च्या अहवालात जोडीदाराच्या हिंसेमुळे तेथील महिलांचे दरवर्षी सुमारे 80 लाख पगारी दिवस बुडतात, म्हणजे सुमारे 32,000 पूर्णवेळ नोकऱ्यांइतके काम बुडते, असा अंदाज दिला होता. फिजीतील कंपन्यांचा जो अभ्यास आंतरराष्ट्रीय वित्त महामंडळाने 2019 मध्ये प्रसिद्ध केला, त्यात दर कर्मचाऱ्यामागे वर्षाला जवळपास 10 दिवसांचे काम बुडते असे आढळले. पेरू देशातील 2013 च्या अभ्यासाने कंपन्यांचे वर्षाला सुमारे 7 कोटी कामाचे दिवस बुडत असल्याचे आणि त्याची किंमत राष्ट्रीय उत्पन्नाच्या 3.7 टक्के असल्याचे मांडले. हे आकडे एकमेकांशी ताडून पाहू नका, कारण प्रत्येकाने मोजलेली गोष्ट वेगळी आहे. आणि ते आपल्या अहवालात उतरवून ‘म्हणून आमचा खर्च इतका’ असेही लिहू नका. पेरूच्या अभ्यासातली एक गोष्ट मात्र उचलण्यासारखी आहे. त्या हिशेबात मार खाणाऱ्या बायकांबरोबर मारणारे पुरुष कर्मचारीही धरले होते, कारण तेही उशिरा येतात, त्यांचेही कामात लक्ष नसते आणि कामाच्या वेळेत फोन करून ते बायकोला धमकावत असतात. आपल्या 140 कामगारांत 50 पुरुष आहेत, तरी आपल्या पूर्ण पत्रात त्यांचा उल्लेख एकदाही नाही. आपल्या लाइनवरच्या एखाद्या महिलेच्या खाड्याचे कारण शेजारच्या कारखान्यात हजर असते, आणि शेजारच्या कारखान्यातल्या एखाद्या खाड्याचे कारण आपल्या डाय शॉपमध्ये (साच्यांच्या विभागात) उभे असते.

भारतात हे प्रमाण किती असेल याची कल्पना राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीवरून (2019-21) येते. 18 ते 49 वयोगटातील, विवाह झालेल्या महिलांपैकी 29.3 टक्के महिलांनी नवऱ्याकडून हिंसा अनुभवल्याचे सांगितले. त्याच सर्वेक्षणात, शारीरिक किंवा लैंगिक हिंसा सोसलेल्या महिलांपैकी कोणाकडे तरी मदत मागणाऱ्यांचे प्रमाण केवळ 14 टक्के होते. म्हणून ‘आमच्याकडे आजवर कोणी काही सांगितले नाही’ या आपल्या वाक्याला मी पुरावा मानत नाही.

आता कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाकडे वळते, कारण येथे खर्चाबरोबर कायद्याचे बंधनही आहे. राजस्थानातील महिला विकास कार्यक्रमाच्या साथिन (गावपातळीवरील कार्यकर्ती) भंवरीदेवी यांच्यावर 1992 मध्ये झालेला अत्याचार त्या जे काम करत होत्या त्यामुळेच झाला होता, कारण बालविवाह थांबवणे हा त्या कामाचाच भाग होता. त्यातून उभ्या राहिलेल्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने 1997 मध्ये कामाच्या ठिकाणचा लैंगिक छळ रोखण्यासाठी विशाखा निर्देश दिले आणि पुढे त्याच विषयावरचा 2013 चा कायदा आला. 10 किंवा अधिक कर्मचारी असलेल्या प्रत्येक आस्थापनेत अंतर्गत समिती हवी, तिची अध्यक्ष वरिष्ठ महिला असावी, निम्म्याहून कमी महिला नसाव्यात आणि एक सदस्य बाहेरचा असावा. कंत्राटी, शिकाऊ आणि रोजंदारीवरील महिलाही या कायद्यात येतात, आणि कंपनीने पुरवलेले वाहनही ‘कामाचे ठिकाण’ ठरते. वाहनाचे महत्त्व पुण्याने 2007 मध्ये फार भयंकर रीतीने जाणले, जेव्हा रात्रपाळीला निघालेल्या बीपीओमधील एका तरुणीवर ठेक्याच्या गाडीच्या चालकानेच साथीदारासह अत्याचार करून तिचा खून केला. आपली बस ठेकेदाराची असली तरी जबाबदारी ठेकेदाराची एकट्याची राहत नाही.

समिती न नेमल्यास दंड 50,000 रुपयांपर्यंत आहे आणि तोच गुन्हा पुन्हा झाल्यास तो दुप्पट होऊ शकतो व परवानाही जाऊ शकतो. खरे सांगायचे तर या 50,000 रुपयांना कोणीही मालक घाबरत नाही, आणि अनेक ठिकाणी समिती फलकापुरती असण्याचे तेही एक कारण आहे. खरा खर्च चौकशी चुकल्यावर लागतो. गोवा विद्यापीठातील एका प्रकरणात तक्रारी 2009 मध्ये झाल्या, समितीने घाईघाईने सुनावण्या उरकल्या, संबंधित प्राध्यापकाला काढण्यात आले, मुंबई उच्च न्यायालयाने ती कारवाई कायम ठेवली; आणि 12 मे 2023 रोजी सर्वोच्च न्यायालयाने चौकशीत बाजू मांडण्याची पुरेशी संधी दिली गेली नाही म्हणून ती रद्द करून प्रकरण परत समितीकडे पाठवले. म्हणजे 14 वर्षांनंतर तक्रारदार, आरोपी आणि संस्था तिघेही जवळपास आरंभाला परतले. त्याच निकालात कायद्याच्या अंमलबजावणीची देशभरातील अवस्था खेदजनक असल्याचे न्यायालयाने नोंदवले. ‘कोणी गैरवर्तन केले तर काढून टाकता येईल’ असे आपण जे सहजपणे लिहिले आहे, त्याला माझे उत्तर या प्रकरणात आहे. चौकशीला कायद्याने 90 दिवस दिले आहेत. ते सदस्यांच्या प्रशिक्षणाअभावी वाया जातात, आणि एका दिवसाच्या बऱ्या प्रशिक्षणाचा खर्च न्यायालयातील एका तारखेच्या वकिली खर्चाहून बहुधा कमी असतो.

आपल्या ग्राहकाने हा प्रश्न आत्ताच का विचारला, हेही सांगते, कारण आपल्याला तो उगाच लावलेला ताप वाटत असावा. तमिळनाडूतील दिंडिगुल जिल्ह्यात नाची अ‍ॅपरल या कपड्यांच्या कारखान्यातील एका तरुण दलित कामगार महिलेचा जानेवारी 2021 मध्ये खून झाला आणि तिच्या पर्यवेक्षकावर आरोप आला. त्यानंतर तेथील इतर महिलांनी छळाच्या तक्रारी उघड केल्या. एप्रिल 2022 मध्ये कामगार महिलांच्या नेतृत्वाखालील संघटना, ईस्टमन एक्सपोर्ट्स ही मालक कंपनी आणि एच अँड एम ही खरेदीदार कंपनी यांच्यात ‘दिंडिगुल करार’ झाला व नंतर गॅप आणि पीव्हीएच हे खरेदीदारही त्यात आले. एवढे झाल्यावरही जुलै 2022 मध्ये अमेरिकेच्या सीमाशुल्क विभागाने त्या कारखान्याचा माल बंदरावरच रोखून धरण्याचा आदेश काढला, आणि करारामुळे झालेले बदल पाहून सप्टेंबर 2022 मध्ये तो मागे घेतला. एका कारखान्यातील हिंसेची किंमत ऑर्डर, बंदर आणि कामगारांचा रोजगार अशा तिन्ही ठिकाणी एकदम चुकवावी लागली, हे सगळ्या मोठ्या खरेदीदारांनी पाहिले आहे. त्या करारातील उपाय मात्र साधा होता: लाइनवरच्या कामगार महिलांनाच प्रशिक्षण देऊन निरीक्षक नेमणे आणि तक्रार केल्याबद्दल सूड उगवला जाणार नाही याची लेखी हमी देणे. शिवाय आपल्या देशातही आता कंपन्यांना संचालक मंडळाच्या अहवालात वर्षभरात आलेल्या, निकाली निघालेल्या आणि 90 दिवसांहून अधिक काळ पडून असलेल्या तक्रारींची संख्या द्यावी लागते. 2025 च्या नियमदुरुस्तीने हे बंधन आणले. आपला ग्राहक आपल्याकडे मागतो आहे ते त्याच्याकडेही मागितले जात आहे.

घरातल्या हिंसेबाबत कंपनीने काय करावे, याचे उत्तर पुष्कळ छोटे आहे आणि तसेच ते असावे. नवऱ्याला बोलावून समज देण्याचे काम आपले नाही. एका मालकांनी ते मोठ्या सद्भावनेने केले आणि त्या रात्री त्या बाईला अधिक मार बसला. आपल्या हातात असलेल्या गोष्टी वेगळ्या आहेत. पगाराचे खाते तिच्या एकटीच्या नावावर आहे का आणि एटीएम कार्ड कोणाकडे असते, हे भरतीच्या वेळी सगळ्यांनाच विचारून ठेवता येते, आणि खाते बदलण्याचा अर्ज आल्यास कारण न विचारता दोन दिवसांत मंजूर करता येतो. पगाराच्या दिवशी गेटवर उभे राहणाऱ्या नवऱ्याला काय सांगायचे, कोणती महिला कोणत्या पाळीत आहे हे का सांगायचे नाही, याची सूचना सुरक्षारक्षकाला लेखी देता येते. न्यायालयाची तारीख, पोलिस ठाणे किंवा दवाखाना यांसाठी काही दिवसांची पगारी रजा ठेवता येते. फिलिपिन्समध्ये 2004 पासून, न्यूझीलंडमध्ये एप्रिल 2019 पासून आणि ऑस्ट्रेलियात फेब्रुवारी 2023 पासून अशी 10 दिवसांची पगारी रजा कायद्याने मिळते. आपल्याकडे तसा कायदा नाही, पण मालकाने स्वतःहून देण्याला कोणाची आडकाठीही नाही. अर्जावर कारण ‘वैयक्तिक तातडी’ एवढेच पुरे. पुरावा मागितलात की ती रजा कोणीही घेणार नाही. बाकी मदतीसाठी 181 हा क्रमांक, जिल्ह्यातील सखी वन स्टॉप सेंटर, 2005 च्या कौटुंबिक हिंसाचारविरोधी कायद्याखालील संरक्षण अधिकारी आणि पोलिसांबरोबर काम करणारा महिला व मुलांसाठीचा विशेष साहाय्य कक्ष (हा उपक्रम मुंबईत 1984 मध्ये टाटा समाजविज्ञान संस्थेने सुरू केला) यांची माहिती महिलांच्या स्वच्छतागृहाच्या आतल्या बाजूला लावा. कॅन्टीनच्या फलकासमोर उभे राहून ती वाचणारी बाई सगळ्यांना दिसते.

या सगळ्या हिशेबाचा एक धोका आहे आणि तो मी प्रत्येक मालकाला आधी सांगते. खर्चाचा आकडा समोर आला की कोणीतरी हमखास म्हणते, ‘मग बायका कमी घेऊ’, किंवा जिच्यामुळे खाडे वाढले तिलाच ‘समजुतीने’ राजीनामा द्यायला सांगितले जाते. म्हणून हिशेबात मारणाऱ्याचा आणि छळणाऱ्याचा खर्च वेगळा दाखवा. त्या पॅकिंग लाइनवर महाग कोण पडत होते, मुली की सुपरवायझर, हे तेव्हाच कळते. नोकरी गेलेल्या बाईच्या हातून घर सोडण्याचा एकमेव आर्थिक आधारही जातो, ही गोष्ट कोणत्याही हिशेबात येत नाही, तरी निर्णय घेणाऱ्याला ती माहीत असली पाहिजे. दुसरे असे की व्यवस्था नीट बसवल्यावर पहिल्या वर्षी तक्रारी वाढतील. तेव्हा ग्राहकाला कळवताना ती वाढ लपवू नका आणि अंतर्गत समितीला त्याबद्दल जाब विचारू नका.

तपासणी पथकाला सध्या एवढेच लिहून द्या: मागील 12 महिन्यांतील न सांगता पडलेल्या खाड्यांची लाइननिहाय व पाळीनिहाय संख्या, प्रत्येक सुपरवायझरच्या हाताखालून सोडून गेलेल्यांची संख्या, ते खाडे भरून काढण्यासाठी झालेला ओव्हरटाइम, आणि समितीची रचना व प्रशिक्षणाच्या तारखा. त्यांतील किती भाग हिंसेचा आहे हे आपल्याला आज सांगता येणार नाही, आणि तसे लिहिण्यात कमीपणा नाही. ते सहा महिन्यांनी, बाहेरच्या संस्थेकडून नावाविना भरून घेतलेल्या प्रश्नावलीनंतर अंदाजाने सांगता येईल. प्रश्नावली पुरुषांकडूनही भरून घ्या, ती जेवणाच्या सुट्टीत न ठेवता कामाच्या वेळेत ठेवा, आणि भरलेले कागद आपल्या कार्यालयात एक रात्रही राहू देऊ नका. ज्या लाइनवर पाचच महिला आहेत तिचे आकडे वेगळे न दाखवता शेजारच्या लाइनमध्ये मिळवा, नाहीतर नाव न लिहिताही कोण ते सगळ्या शिफ्टला कळेल. मूळ हजेरीपट मागितला तर देऊ नका; एकत्रित तक्ता द्या आणि त्याचे कारण पत्रात स्पष्ट लिहा.